रोजगार योजनांचे यश मोजावे कसे?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

शाळेत असताना 'बेकारी : एक ज्वलंत समस्या' हा निबंध आम्ही निदान चार वेळा तरी लिहिला असेल. त्याचा साचा ठरलेला असे. आरंभी लोकसंख्येची वाढ, मध्ये शिक्षणपद्धतीचे दोष आणि शेवटी 'शासनाने योग्य त्या योजना आखाव्यात' अशी नम्र विनंती. महाविद्यालयात येऊन अर्थशास्त्र हा विषय घेतल्यावर लक्षात आले की आमचा निबंध जेथे संपत असे तेथूनच खरा प्रश्न सुरू होतो. योजना तर शासनाने आखल्याच आहेत आणि त्या पाऊणशे वर्षांपासून आखल्या जात आहेत. त्या योजनांमुळे एखाद्या तरुणाला काम मिळाले की नाही, हे ओळखायचे कसे? या लेखात मी एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे वडील वालीवच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर काम करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दादाने आय.टी.आय.मध्ये फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून शिकाऊ उमेदवारी केली. शेजारची ताई बी.ए. झाली आणि शासनाच्या एका योजनेत अकरा महिने एका सरकारी कार्यालयात बसली. तळमजल्यावरच्या काकूंच्या सुनेने शिवणकामाच्या प्रशिक्षणाला नाव घातले व दीड महिन्यात सोडले. ही तीन माणसे पुढे पुन्हा येतील. त्यांची नावे सांगण्याची आवश्यकता नाही, कारण नालासोपाऱ्याच्या कोणत्याही चाळीत अशी तिघे सापडतील.

प्रथम थोडा इतिहास पाहू. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली व तिच्यातून आजच्या आय.टी.आय. उभ्या राहिल्या. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले. वडिलांच्या पिढीतील लोक या कार्यालयाचे 'कार्ड' अजून जपून ठेवतात, ते याच काळाचे. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा आला. १५ ऑगस्ट १९७९ रोजी ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी 'ट्रायसेम' सुरू झाली आणि १९९९ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, जिला लोक 'लाडका भाऊ' म्हणू लागले. त्याच वर्षी केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनाही जाहीर झाली.

येथे आपल्या रोजगार हमी योजनेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, १९७२ च्या दुष्काळात रुजलेली आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेली ही योजना तरुणांपुरती नव्हती, परंतु तिचे एक वैशिष्ट्य या विषयाला फार उपयोगी आहे. तेथे यश मोजणे तुलनेने सोपे होते. माणसाने काम मागितले, काम दिले गेले, किती माती खणली व किती मजुरी दिली हे मोजपुस्तकात उतरले. हजेरीपटावर खोटी नावे चढत असतील, पण खणलेला तलाव डोळ्यांना दिसे. प्रशिक्षणाच्या योजनांचे तसे नाही. तेथे शासन काम देत नाही, काम मिळण्याची पात्रता देते. आणि पात्रता फुटपट्टीने मोजता येत नाही.

मग आपण काय मोजतो? बहुधा जे मोजायला सोपे तेच. वर्तमानपत्रात 'इतक्या लाख युवकांना प्रशिक्षण' असा आकडा येतो. तो पहिल्या पायरीचा आकडा. दुसरी पायरी प्रमाणपत्र मिळालेल्यांची, तिसरी नोकरी लागलेल्यांची, चौथी त्या नोकरीत वर्षभर टिकलेल्यांची. प्रत्येक पायरीवर माणसे गळतात आणि फलकावर मात्र पहिल्या पायरीचाच आकडा राहतो. ट्रायसेमची जी पाहणी १९९३ मध्ये झाली तिच्यात प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के तरुण नंतरही बेकारच आढळले. स्वतःचा धंदा सुरू करणारे सुमारे ३२ टक्के होते आणि त्यांच्यातही काहींनी शिकलेला धंदा सोडून दुसराच धरला होता. धंदा सुरू न करण्याचे मोठे कारण भांडवल नाही हे होते. सुतारकाम शिकवले, पण रंधा घ्यायला पैसे कोणी द्यायचे, हा विचार कागदावर होता, हातात नव्हता.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत, म्हणजे २०१५ ते २०२२ या काळात, अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी साधारण ४३ टक्क्यांना नोकरी लागल्याचे शासनाने सांगितले. चौथ्या टप्प्यात नोकरीचा असा पाठपुरावा करणे हा योजनेचा भागच राहिला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने तर याहून मूलभूत गोष्ट पुढे आणली. लाभार्थ्यांच्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना रिकामा, शून्य किंवा निरुपयोगी होता. ज्याचे खाते ठाऊक नाही त्याला पैसे कसे पोचले आणि उद्या त्याला शोधून 'तुझे पुढे काय झाले' हे विचारायचे कसे? मूल्यमापन हा फार मोठा शब्द आहे. येथे साधी हजेरीच नीट लागलेली नाही.

समजा, नोंदी चोख ठेवल्या. शंभर जणांनी प्रशिक्षण घेतले, साठ जणांना नोकरी लागली आणि ती टिकलीही. तर योजना साठ टक्के यशस्वी झाली असे म्हणता येईल काय? माझे उत्तर नाही असे आहे आणि या लेखाचा खरा मुद्दा हाच आहे.

दादाचे उदाहरण घेऊ. तो आज सातिवलीच्या एका कारखान्यात कामाला आहे. शासनाच्या दप्तरात तो शिकाऊ उमेदवारी योजनेचे यश आहे. परंतु वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहान कारखान्यांचे गाळेच गाळे आहेत. तेथे माणूस लागतो तो बहुधा ओळखीने. वडिलांनी शब्द टाकला असता तर दादाला त्याच गल्लीत काम मिळालेच असते. फरक असलाच तर तो पगाराचा आणि यंत्राचा. वडिलांच्या ओळखीने तो पॉवर प्रेसवर बसला असता, आज तो लेथवर आहे व मायक्रोमीटर वाचतो. म्हणजे योजनेने त्याला नोकरी दिली नाही, थोडी बरी नोकरी दिली. हा फरक लहान नाही, पण दप्तरातील 'नोकरी लागली' या शिक्क्यात तो दिसत नाही. याउलट, मोखाड्याच्या एखाद्या मुलाला त्याच प्रशिक्षणाने आयुष्यातील पहिला पगार मिळाला असेल. दोघांपुढे शिक्का एकच आहे.

तात्पर्य, 'योजनेनंतर काय झाले' हा अर्धाच प्रश्न आहे. 'योजना नसती तर काय झाले असते' हा दुसरा अर्धा. गंमत अशी की वाडीत काम करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. नवे खत आले तर तो केळीच्या सगळ्या ओळींना घालत नाही, अर्ध्या ओळींना घालून पाहतो. पाऊस तोच, माती तीच, राखणही तीच. घड जड आला तर त्याचे श्रेय खताला. सगळ्या ओळींना खत घातले आणि त्या वर्षी पाऊसच चांगला पडला, तर खत चांगले की पाऊस चांगला, हे कसे ठरवणार?

माणसांच्या बाबतीत असा प्रयोग करणे निष्ठुरपणाचे वाटते. एकाला प्रशिक्षण द्यायचे आणि दुसऱ्याला नाकारायचे? परंतु जागा कमी व अर्ज जास्त असले की कोणाला तरी नाकारावेच लागते. अशा वेळी ओळखीपाळखीने निवड करण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकणे न्यायाचे आणि अभ्यासालाही उपयोगाचे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात २००५ मध्ये गरीब शहरी तरुणांच्या प्रशिक्षणासाठी असेच केले गेले. तीन महिने वर्गात व तीन महिने प्रत्यक्ष कंपनीत, असा तो कार्यक्रम होता. चिठ्ठीत नाव आलेले आणि न आलेले अशा दोघांचाही नंतर माग घेतला, तेव्हा प्रशिक्षित मुलींची कमाई सुमारे वीस टक्क्यांनी अधिक आढळली. मुलांच्या बाबतीत एवढा लाभ दिसला नाही. सगळीकडे असेच होते असे मात्र नाही. जागतिक बँकेतील अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी विकसनशील देशांतील अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करून २०१७ मध्ये जो निष्कर्ष मांडला तो डोळे उघडणारा आहे. शंभर जणांना व्यवसाय प्रशिक्षण देऊ केले, तर एरवी न मिळालेली नोकरी त्यामुळे मिळते ती तिघांहूनही कमी जणांना. बाकीच्यांना मिळालीच, तर ती प्रशिक्षणावाचूनही मिळाली असती.

साठ टक्के कोठे आणि तीनापेक्षा कमी कोठे! दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच असू शकतात. पहिला 'नंतर'चा आकडा आहे, दुसरा 'मुळे'चा.

आणखी एक अडचण आहे. स्नेहसंमेलनात आपण संगीत खुर्ची खेळतो. एखाद्याला आधी दोन दिवस धावण्याचा सराव दिला तर तो खुर्ची पटकावील, यात शंका नाही. पण खुर्च्या तेवढ्याच राहिल्या, तर उभा राहणारा दुसराच कोणी असेल, इतकेच. फ्रान्समध्ये सुशिक्षित बेकार तरुणांना नोकरी शोधण्यास मदत देणाऱ्या कार्यक्रमाची २३५ भागांत पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मदत मिळालेल्यांना काम लवकर मिळाले, हे खरे. पण तो लाभ काही प्रमाणात मदत न मिळालेल्या तरुणांच्या वाट्यातून आला होता आणि जेथे नोकऱ्यांची मुळातच चणचण होती तेथे हे अधिक घडले.

हे वाचताना मला शेजारच्या ताईची आठवण झाली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयाच्या तरुणांना एखाद्या कार्यालयात किंवा उद्योगात सहा महिने कामाचा अनुभव द्यायचा व शासनाने त्यांच्या खात्यात दरमहा विद्यावेतन जमा करायचे, अशी व्यवस्था होती. बारावीला ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. दरवर्षी दहा लाख तरुणांचे उद्दिष्ट सांगितले गेले. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढवून ती अकरा महिन्यांची झाली. म्हणजे ताईला एकूण १,१०,००० रुपये मिळाले. ज्या घरात पदवीनंतर दोन वर्षे फक्त लग्नाचीच बोलणी चालली होती, त्या घरात या रकमेचे मोल काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. धाकट्या भावाचे शुल्क तिने भरले. बोलणीही अकरा महिने थांबली. मूल्यमापनाच्या तक्त्यात या लाभाला रकाना नसतो, तो असायला हवा असे माझे मत आहे.

पण ती काय शिकली? ती ज्या टेबलावर बसत असे तेथील लिपिक निवृत्त झाले होते आणि जागा भरलेली नव्हती. आवक-जावक नोंदवही, दाखल्यांचे टंकलेखन, आलेल्या माणसाला रांग दाखवणे ही कामे ती करी आणि उत्तम करी. अकरा महिन्यांनंतर तिला प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन ती खासगी कंपनीत गेली तेव्हा तिला जीएसटीचे विवरणपत्र भरता येते का, असे विचारले गेले. सरकारी कार्यालयातील अनुभव सरकारी नोकरीलाच उपयोगी आणि ती नोकरी तर स्पर्धा परीक्षेने मिळते. २०२५ मध्ये राज्यभरातील अशा प्रशिक्षणार्थींनी आम्हाला कायम करा, अशी मागणी करीत आंदोलने केली. त्यांना दोष देणाऱ्यांनी त्यांचे टेबल पाहून यावे. एका तरुणीला रोजगाराचे शिक्षण मिळाले असे म्हणायचे, की एका लिपिकाची जागा अकरा महिने थोडक्यात भागली असे म्हणायचे? दप्तरात पहिलेच लिहिले जाईल. मला वाटते, दोन्ही लिहायला हवे आणि कोणत्या कार्यालयात किती मंजूर जागा रिकाम्या असताना किती प्रशिक्षणार्थी बसले, हा आकडा त्यांच्याशेजारी द्यायला हवा.

केंद्राच्या इंटर्नशिप योजनेबद्दल थोडक्यात. मोठ्या कंपन्या, बारा महिने, दरमहा ५,००० रुपये. पहिल्या फेरीत सुमारे ८२,००० जागा देऊ केल्या गेल्या, त्यांतील २८,००० च्या आसपास स्वीकारल्या गेल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते ९,००० हूनही कमी. तरुणांना काम नको आहे, असा याचा अर्थ काढणारे काढतील. परगावी खोलीचे भाडे आणि खाणावळ यांचा हिशेब ज्याने केला आहे तो तसा अर्थ काढणार नाही.

यावरून जे योजनेत येतच नाहीत त्यांच्याकडे वळले पाहिजे. तळमजल्यावरच्या वहिनींनी शिवणकाम सोडले ते आळसाने नव्हे. केंद्र स्टेशनच्या पलीकडे, वेळ दुपारची, मूल दोन वर्षांचे आणि सासूबाई पहाटेच्या गाडीने दादरला फुले विकायला जाणाऱ्या, त्या दुपारी थकून आलेल्या. दिल्लीच्या वस्त्यांमधील स्त्रियांना शिवणकामाचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण देणाऱ्या एका कार्यक्रमाचा पुष्कर मैत्र व सुभा मणी यांनी चिठ्ठ्यांच्याच पद्धतीने अभ्यास केला. प्रशिक्षणाचा लाभ झाला, हे त्यात दिसले. पण मध्येच सोडण्याची कारणे होती केंद्राचे अंतर आणि मुलाला सांभाळायला कोणी नसणे. म्हणजे वहिनींचे कारण आधीच छापलेले आहे. प्रशिक्षण केंद्राच्या अंदाजपत्रकात शिवणयंत्रांसाठी तरतूद असते, पाळण्यासाठी नसते.

अंतराचा हा प्रश्न आपल्या पालघर जिल्ह्यात तर फारच मोठा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा वेगळा झाला. त्यात आठ तालुके. एका टोकाला लोकलने मुंबईला चिकटलेले आमचे वसई-विरार, दुसऱ्या टोकाला डोंगरातले जव्हार-मोखाडे. जिल्ह्याची सरासरी काढली की आमची गर्दी त्यांचे रिकामेपण झाकून टाकते. आमच्या महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाख २२ हजार होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, आणि दरम्यान नालासोपारा-विरार पूर्वेला केवढ्या इमारती उठल्या हे सर्व जाणतात. छेदच जुना असेल, तर टक्केवारी कशाची काढणार?

बेकारीच्या राष्ट्रीय आकड्यांतही असेच बारकावे आहेत. श्रमबलाच्या नियतकालिक पाहणीनुसार १५ ते २९ वयोगटातील बेकारीचे प्रमाण २०१७-१८ मध्ये १७.८ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के झाले. ही घट स्वागतार्ह आहे. परंतु घरच्या धंद्यात वेतनाविना मदत करणाराही या पाहणीत 'कामावर' धरला जातो. म्हणजे सोनचाफ्याच्या कळ्या खुडून आजीला पुड्या बांधून देणारी वाडीतील पदवीधर मुलगी बेकार नाही. तिला विचारले तर ती वेगळे सांगेल.

आता एक संधी आपल्या दारात उभी आहे. डहाणूजवळ वाढवण येथे सुमारे ७६,००० कोटींच्या बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध आहे. त्या विरोधाची कारणे गंभीर असून तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन बंदरात कामे देऊ, हे आश्वासन सर्वत्र ऐकू येते. ते पाळले गेले की नाही, हे दहा वर्षांनी कसे कळेल? आज कोण काय काम करतो, किती मिळवतो, कोणत्या गावात किती मुले बारावीनंतर घरी आहेत, याची नोंद आधीच करून ठेवली तरच. नंतर आठवणीवर भांडणे होतील. शासन म्हणेल हजारोंना काम मिळाले, गाव म्हणेल बाहेरचे आले, आणि दोघांकडेही वही नसेल.

वहीचा विषय निघालाच आहे तर आपल्या महाविद्यालयाबद्दलही लिहिते. दरवर्षी आपल्याकडून बी.ए. होऊन मुले-मुली बाहेर पडतात. त्यांतील किती जण आज काय करतात, याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. माझी सूचना अशी : तृतीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा एक व घरचा एक असे दोन दूरध्वनी क्रमांक घ्यावेत आणि सहा महिन्यांनी, एका वर्षाने व तीन वर्षांनी त्याला विचारावे. तीन वर्षांनी एवढ्यासाठी, की कार्ड, क्लूव्हे व वेबर या अर्थतज्ज्ञांनी जगभरातील दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा अशा कार्यक्रमांचा परिणाम पहिल्या वर्षी जवळजवळ दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी दिसतो, असे आढळले. प्रश्नही थोडेच असावेत. काम आहे का? कोणाच्या ओळखीने मिळाले? पगार हातात येतो की खात्यात? कोणत्या योजनेत नाव घातले होते, आणि घातले नसल्यास का नाही? सोडले असल्यास का सोडले? ज्यांनी कोणत्याही योजनेचे तोंड पाहिले नाही त्यांनाही हेच विचारावे, कारण त्यांच्याविना तुलना करता येत नाही.

शंभर विद्यार्थी, तीन वेळा, म्हणजे तीनशे फोन. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही बेचाळीस जण आहोत. प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ येतात. विभागातील प्राध्यापकांनी होकार दिला तर येत्या जूनमध्ये रकाने आखून द्यायला मी तयार आहे. 'कोणाच्या ओळखीने' हा रकाना जरा रुंद ठेवावा लागेल.